डिस्कॉर्ड की एसएसटी?

जुन्या अमेरिकन हार्डकोर पंकबद्दल (पंक रॉकचा जास्त वेगवान, आक्रमक प्रकार) बोलताना ही दोन रेकॉर्ड लेबलं हमखास समोर ठेवली जातात.

वॉशिंग्टन डीसीच्या डिस्कॉर्डची पहिली रेकॉर्ड डिसेंबर १९८० मधली: टीन आयडल्स या बँडची सात इंची, आठ गाणी, १००० प्रती. पैसा बँडनेच कार्यक्रमांतून साठवलेला. कव्हरं हाताने कापून, घडी घालून चिकटवलेली, त्यामुळे जुन्या प्रतीचा गोंद आधी सुटतो. विकत घेताना कडा नीट बघाव्यात. बँडशी लेखी करार नाही, खर्च निघाल्यावर नफा निम्मा-निम्मा. याच लेबलचा मायनर थ्रेट हा बँड ऐकायचा तर १९८९ची संकलित सीडी पुरते: २६ गाणी, जेमतेम पाऊण तास.

कॅलिफोर्नियातलं एसएसटी मुळात ग्रेग गिनचा रेडिओच्या सुट्या उपकरणांचा धंदा. त्याच्याच ब्लॅक फ्लॅग या बँडची पहिली चार गाणी १९७९ला आली, पण बँडची खरी गंमत गायक बदलण्यात आहे. मॉरिस, रेयेस, कडेना, मग रॉलिन्स. पहिले तिघे एकाच संकलनात सापडतात, ‘द फर्स्ट फोर इयर्स’ (१९८३). सुरुवात तिथूनच करावी. थेट रॉलिन्सच्या काळातला ‘माय वॉर’ अल्बम लावला तर दुसऱ्या बाजूची तीनच गाणी, प्रत्येक सहा मिनिटांच्या वर आणि संथ; वेगासाठी आलेला ऐकणारा गोंधळतो.

एसएसटीचा आवाका मोठा, पण पुढे रॉयल्टीवरून काही बँड कोर्टात गेले. विश्वासाच्या बाबतीत डिस्कॉर्डच उजवं.