सात कप्प्यांची गोळ्यांची डबी : दहा महिने वापरल्यावर

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलमधून ही डबी सव्वाशे रुपयांना आणली. पांढरं प्लॅस्टिक, आठवड्याचे सात कप्पे, प्रत्येकाला वेगळं झाकण. माझी मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत आहे. बायपोलर आजाराचं (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं) निदान झालं तेव्हापासून तिला लिथियम, म्हणजे मन स्थिर ठेवणारं औषध, सुरू आहे. ज्यांच्या घरी या वयाचं मूल गोळी म्हटली की तोंड फिरवतं, त्यांच्यासाठी लिहितेय.

डबी येण्याआधी रात्री नऊचं भांडण ठरलेलं. "घेतलीस का? तोंड उघड. जीभ वर कर." एकदा तर मी गोळी कुटून शिकरणात घातली. पहिल्याच घासाला तिला कळलं. वाटी सरकवून उठली, आणि पुढे महिनाभर माझ्या हातचं शिकरण, खीर, आमटी कशाला शिवली नाही. डॉक्टर म्हणाले, ही सावकाश विरघळणारी गोळी आहे, कुटली तर औषध एकदम अंगात जातं. कृपा करून कुणी असं करू नका.

आता ती रविवारी संध्याकाळी स्वतः डबी भरते. झाकणांवर इंग्रजी अक्षरं आहेत, त्यात टी दोनदा आणि एस दोनदा, त्यामुळे मंगळवार-गुरुवारचा घोळ व्हायचा. तिने नेलपॉलिशने मं, गु, श, र असं लिहून घेतलं. मी विचारत नाही, झाकणाकडे बघते. "आई, मी रोज चोर ठरते," असं ती म्हणायची, ते बंद झालं. माझ्या लेखी सव्वाशे रुपये इथेच वसूल झाले.

पण रिकामा कप्पा म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही. तिसऱ्या महिन्यात रक्तातली लिथियमची लेव्हल तपासली. हे रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी देतात. डॉक्टरांना ०.६ ते १.० हवी होती, आली ०.३. गोळ्या बेसिनमध्ये जात होत्या. मी काही बोलायच्या आत तिनेच हात पुढे केला. बोटं बारीक थरथरत होती. दिवाळीत रांगोळीची रेघ हलत होती म्हणून तिने ठिपके अर्धे सोडून दिले होते, आणि मला वाटलं होतं कंटाळली. गोळी का नको हे मी तोवर एकदाही नीट विचारलं नव्हतं. डॉक्टरांनी थरथरीसाठी वेगळी छोटी गोळी दिली. थरथर पूर्ण गेली नाही, पण रेघ धरता येते.

आणखी एक. डबीला कुलूप नाही. लिथियम जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं, म्हणून बाकीची पाकिटं माझ्या कपाटात किल्लीखाली असतात. तिचे दिवस वाईट असतील तेव्हा डबीत फक्त दोन दिवसांच्या गोळ्या ठेवतो, हे डॉक्टरांना विचारूनच. कुणाचं मूल सोडियम व्हॅल्प्रोएटवर (याच आजारावरचं दुसरं औषध) असेल तर मेडिकलवाल्याला आधी विचारा. त्या गोळ्या हवेतला ओलावा धरतात, पाकिटातच ठेवाव्या लागतात. लिथियमवर असताना अंगदुखीला आयब्युप्रोफेन देऊ नका, लेव्हल वर जाते. उन्हाळ्यात पाणी आणि जेवणातलं मीठ एकदम कमी होऊ देऊ नका.

ज्या रात्री तिने अख्खी डबी भिंतीवर फेकली, तेव्हा मी १४४१६ ला फोन लावला. टेलि-मानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी, चोवीस तास, फुकट. पलीकडची बाई मराठीत बोलली. आज भांडू नका, उद्या चुकलेली गोळी भरून काढायला दोन देऊ नका, सकाळी डॉक्टरांना फोन करा, एवढंच सांगितलं. तेवढंच लागत होतं.

त्या रात्री गुरुवारचं झाकण बिजागरीतून निघालं. प्लॅस्टिक तकलादू आहे, याचा एक तारा कमी. घ्यायची तर कप्पे सुटे होणारी घ्या. कॉलेजच्या सहलीला ही सबंध पट्टी न्यायला ती लाजली, दोन रात्रींच्या गोळ्या कंपासपेटीत घेऊन गेली. परत आली तेव्हा पेटी मी उघडली नाही. तिनेच उघडून दाखवली.