आईचं कानाचं मशीन : काय घेतलं, किती लागले आणि पैसे नक्की कशाचे मोजायचे

ज्यांच्या घरी आईवडिलांना कमी ऐकू यायला लागलंय आणि मशीन घ्यावं की नको, कुठलं घ्यावं, एवढे पैसे खरंच लागतात का यात जे अडकलेत त्यांच्यासाठी लिहितेय. थोडं मोठं होईल पण पूर्ण वाचा, कारण मला शोधताना मराठीत असं सगळं एका जागी कुठे मिळालं नव्हतं.

आधी निकाल सांगते. मशीन चांगलं आहे, पण पैसे वसूल झाले ते मशीनमुळे कमी आणि ते कानाला नीट बसवून, ट्यून करून देणाऱ्या मॅडममुळे जास्त. पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आई ७४ वर्षांची, बाबांबरोबर चिपळूणला असते, मी ठाण्यात. तिला अगदीच ऐकू येत नव्हतं असं नाही, आणि सगळा घोळ तिथेच होतो. दारावरची बेल ऐकू यायची, बाबांचा जाड आवाज कळायचा, पण माझी मुलगी बोलली की आई नुसती हसायची आणि मान हलवायची, कारण काही कळलेलंच नसायचं. साखर म्हटलं की भाकर ऐकू यायचं. टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जाईल एवढा. आणि हळूहळू तिने बोलणंच कमी केलं, भिशीला जाणं बंद, फोन आला की लगेच "थांब हं बाबांना देते". बाबा चिडायचे की मुद्दाम दुर्लक्ष करते, सोयीचं तेवढं बरं ऐकू येतं हिला. आमच्या घरात गेली काही वर्षं जी धुसफूस चालली होती त्यातली निम्मी या एका गोष्टीमुळे होती, हे आता मागे बघताना अगदी स्वच्छ दिसतं.

असं का होतं ते मॅडमनी कागदावर काढून दाखवलं. वयामुळे जो ऐकण्याचा दोष येतो त्यात आधी बारीक, तीव्र पट्टीचे आवाज जातात. आपल्या बोलण्यातले अ आ ओ हे स्वर जाड पट्टीतले, ते शाबूत राहतात, पण स, श, फ, थ, ख ही व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती गळतात. म्हणून माणूस म्हणतो की आवाज येतो पण शब्द कळत नाही. लहान मुलांचा आणि बायकांचा आवाज मुळातच बारीक, त्यामुळे नातवंडांचं बोलणं सगळ्यात आधी हरवतं. हे ऐकल्यावर बाबा जे गप्प झाले ते परत कधी "सोयीचं ऐकते" असं म्हणाले नाहीत. माझ्या मते त्या दिवशीची फी तिथेच वसूल झाली.

आता खरेदीचं. सगळ्यात आधी भावाने ऑनलाइन दीड हजाराचं एक यंत्र मागवलं होतं, कंपनीचं नाव देत नाही कारण तसली डझनभर मिळतात. ते कानाचं मशीन नसतंच, नुसता आवाज वाढवणारा अॅम्प्लिफायर असतो. सगळंच मोठं करतो, पंखा, मिक्सर, भांडी, आणि जे आईला आधीच नीट ऐकू येत होतं ते जाड आवाज तर असह्य. वर शिट्टी. आईने ते काढून ठेवलं आणि जाहीर केलं की मशीन आपल्याला चालत नाही. हे मोठं नुकसान असतं बघा, दीड हजाराचं नाही, माणसाची तयारी मोडते त्याचं. एकदा मन उठलं की पुढचं चांगलं मशीनसुद्धा कानाला लावून घ्यायला तयार होत नाहीत.

मग मुंबईत एका मोठ्या शोरूममध्ये नेलं. एसी, कॉफी, सगळं झकास, आणि टेस्ट घाईघाईत उरकून थेट दोन लाख तीस हजाराची जोडी समोर. इतके चॅनल, तितकं ब्लूटूथ, आज घेतलं तर डिस्काउंट. आई काय करते दिवसभर, घरात किती माणसं, कुठे जाते, एक प्रश्न नाही. आम्ही उठून आलो.

शेवटी जिथे घेतलं ते क्लिनिक चिपळूणहून एसटीने तासाभरावर. नाव मुद्दाम देत नाही, कारण तुमच्यासाठी तुमच्या घराजवळचं क्लिनिकच कामाचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. मशीन घेतल्यावर पहिल्या काही महिन्यांत परत परत जावं लागतं. मुलगा मुंबईत म्हणून मुंबईतून मशीन घ्यायचं आणि आईवडील गावाला, असं केलं तर ते मशीन कपाटात जाणार. फक्त एक बघा की समोरची व्यक्ती खरी ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करून मशीन बसवून देणारी शिकलेली तज्ज्ञ, आहे ना, भारतीय पुनर्वास परिषदेचं म्हणजे आरसीआयचं रजिस्ट्रेशन आहे का ते सरळ विचारा, चांगले लोक राग मानत नाहीत.

मॅडमनी आधी मशीनचं नावच काढलं नाही. पहिलं वाक्य, "काकू, आधी कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना दाखवून या, मळ असेल तर काढून घ्या." आईच्या एका कानात खरंच घट्ट मळ होता. आई वर्षानुवर्षं कोमट खोबरेल तेल कानात घालायची, ते डॉक्टरांनी बंद करायला सांगितलं. मग बंद खोलीत हेडफोन लावून टेस्ट, बीप ऐकू आला की बटण दाबायचं. त्याचा आलेख येतो, उजवा कान लाल गोल, डावा निळी फुली. आडव्या रेघेवर आवाजाची पट्टी, २५० हर्ट्झपासून ८००० पर्यंत, आणि उभ्यावर किती डेसिबलला ऐकू आलं ते. २५ च्या आत असेल तर साधारण ठीक. आईचं आलेखाच्या डाव्या टोकाला, जाड आवाजांना ३० आणि पुढे उजवीकडे घसरत घसरत ७० पर्यंत, दोन्ही कानांना जवळपास सारखंच. हा कागद जपून ठेवा आणि दर वर्षी टेस्ट करून शेजारी ठेवून बघा. एकाच कानाला कमी असेल, किंवा अचानक एका दिवसात ऐकू यायचं बंद झालं, तर मशीनच्या मागे न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे मॅडमनी दोनदा बजावलं.

मग मशीन. घेतलं ते कानामागे छोटा भाग बसतो आणि बारीक वायर जाऊन स्पीकर कानाच्या आत असतो, त्याला आरआयसी म्हणतात. आतल्या टोकाला रबराची मऊ टोपी, आईच्या मशीनला भोकं असलेली उघडी टोपी लावली, कारण जाड आवाज आईला आपसूक येतात, ते अडवायचे कशाला. पूर्ण बंद टोपी लावली की स्वतःचाच आवाज डोक्यात घुमतो आणि तेवढ्यावरून लोक मशीन टाकून देतात. किंमत एका कानाचे ३८ हजार, दोन्ही मिळून ७६ हजार. कानाच्या मशीनवर जीएसटी नाही, बिलात कोणी लावला तर विचारा. एकच घेऊ का असं आम्ही विचारलं होतं, पण दोन्ही कान सारखेच गेलेले असताना एकाच बाजूने ऐकलं तर आवाज कुठून आला ते कळत नाही आणि गर्दीत बोलणं वेगळं काढता येत नाही. रस्त्यावर रिक्षा कुठून येतेय हे कळणं या वयात चैनीची गोष्ट नाही.

चार्जिंगवालं की बॅटरीवालं यावर घरात बरीच चर्चा. चार्जिंगवालं सोपं असतं, रात्री डबीत ठेवलं की सकाळी तयार, बोटं थरथरणाऱ्यांनी किंवा नजर अधू असलेल्यांनी तेच घ्यावं. पण आईने बॅटरीवालं मागितलं. २०२१ च्या जुलैमधला वाशिष्ठीचा पूर तिने पाहिलाय, घरात पाणी, नंतर कितीतरी दिवस लाइट नाही. अशा वेळी आपल्याला ऐकू आलंच पाहिजे, चार्जरच्या भरवशावर मी राहणार नाही, असं तिचं म्हणणं आणि मला ते शंभर टक्के पटलं. बॅटरी ३१२ नंबरची, तपकिरी स्टिकरवाली, सेट आठवडाभर जातो. ही हवेवर चालते, म्हणून स्टिकर काढला की मिनिटभर उघडी ठेवून मग बसवायची. आणि एकदा स्टिकर काढला की वापरा न वापरा ती उतरतच जाते.

सगळ्यात आवडलेली गोष्ट, मॅडमनी कानात एक केसासारखी बारीक नळी घालून मशीनचा आवाज पडद्यापाशी खरोखर किती पोचतोय ते मोजलं आणि त्याप्रमाणे कॉम्प्युटरवर सेट केलं. नुसतं "बरं वाटतंय का आजी" विचारून सोडून देणारे खूप आहेत. मशीन घ्यायच्या आधी हे मोजमाप करता का एवढा एक प्रश्न विचारा, उत्तरावरून क्लिनिक कळतं. शिवाय आधी घरी नेऊन वापरून बघायला दिलं, थोडं डिपॉझिट ठेवून, आणि मगच पूर्ण पैसे.

चष्मा घातला की लगेच स्वच्छ दिसतं तसं याचं होत नाही, हे घरच्यांनी आधीच मनाशी धरायला हवं. पहिल्या दिवशी आईला फ्रिजची घरघर, पेपरची पानं, स्वतःच्या बांगड्या, नळाचं पाणी सगळं एकदम अंगावर आलं. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला परत ओळखून बाजूला टाकायला शिकावं लागतं, त्याला आठवडे, कधी महिने जातात. मॅडमनी सुरुवातीला आवाज मुद्दाम कमी ठेवला, आधी घरातल्या शांततेत एका माणसाशी बोलताना लावा, मग टीव्ही, मग बाहेर, आणि प्रत्येक भेटीत थोडा वाढवला. आता सकाळी दात घासून झाले की लावते ते रात्री झोपताना काढते. आरतीला झांजा सुरू झाल्या की मात्र आवाज कमी करते, ते बटण तिला चांगलं सापडलंय. लग्नाच्या हॉलमध्ये अजूनही अवघड जातं, तिथे कुठलंच मशीन जादू करत नाही, दोन लाखाचंसुद्धा थोडंच बरं.

घरच्यांनी काय करायचं याचा वेगळा वर्ग झाला आमचा. स्वयंपाकघरातून ओरडून बोलायचं नाही, समोर येऊन, तोंड दिसेल असं, नेहमीच्याच आवाजात थोडं सावकाश. ओरडलं की शब्द फाटतात आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो, माणूस अजून मिटतो. नाही कळलं तर तेच वाक्य परत परत न म्हणता वेगळ्या शब्दांत सांगायचं. आणि "काही नाही, जाऊ दे" हे वाक्य घरातून कायमचं काढून टाकायचं. बाबांनी हे इतकं मनावर घेतलं की आता मी फोनवर भराभर बोलले तर तेच मला टोकतात.

कोकणातल्यांसाठी खास, दमट हवा हा या मशीनचा शत्रू. पावसाळ्यात रोज रात्री बॅटरी काढून, तिच्या खाचेचं दार उघडं ठेवून, सिलिका जेलच्या हवाबंद डबीत ठेवायचं. खड्यांचा रंग बदलला की बदलायचे. आंघोळीला काढायचं हे सगळे सांगतात, पण डोक्याला तेल लावायच्या आधी काढायचं हे कोणी सांगत नाही, केसांतलं तेल मायक्रोफोनच्या भोकात गेलं की आवाज बसतो. आतल्या टोकाची मळ अडवणारी बारीक जाळी दर काही आठवड्यांनी बदलावी लागते, ती बदलायला आई शिकली, बाबांना जमत नाही.

आता कापलेला अर्धा गुण. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि येणारे सगळे साठी-सत्तरीपुढचे, गुडघे धरून चढणारे. अपॉइंटमेंट घेऊनही थांबावं लागतं. आणि जाळ्या, टोप्या, बॅटऱ्या यांचा वर्षाचा खर्च आधी लिहून द्यायला हवा होता, तो विचारल्यावर सांगितला. वॉरंटी दोन वर्षं, पण हरवलं तर त्यात काही नाही, म्हणून मागे छोटी दोरी लावून घेतलीय.

एवढे पैसे नसतील तर काय, हा प्रश्न खरा आहे. वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था आहे, वाचा आणि श्रवणाच्या कामासाठीच आहे, तिथे तपासणी होते आणि कमी उत्पन्न असलेल्यांना दिव्यांगांना साधनं देणाऱ्या एडीआयपी योजनेतून मशीन मिळू शकतं. राष्ट्रीय वयोश्री योजनेतूनही शिबिरांमध्ये ज्येष्ठांना मशीन देतात. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली आली, ६५ आणि त्यापुढच्यांना अशा साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये खात्यात, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत हवं. तीन हजारात चांगलं मशीन येत नाही हे उघड आहे, पण मशीनच्या खर्चाला थोडा हातभार लागतो. आणि साधं १५-२० हजारांचं डिजिटल मशीनसुद्धा नीट ट्यून केलेलं असेल तर आंधळेपणाने विकलेल्या लाखाच्या मशीनपेक्षा बरं चालतं.

अजून एक, आणि हे भीती घालायला नाही सांगत. स्मृतिभ्रंशावर लॅन्सेट आयोगाचा २०२४ चा अहवाल आहे, त्यात धोका वाढवणाऱ्या पण ज्यावर काही करता येतं अशा १४ गोष्टी दिल्यात, त्यात ऐकू कमी येणं आहे. मशीन लावलं म्हणजे विसरायला होणार नाही असा त्याचा अर्थ नाही. पण "वयच झालंय, आता काय करायचंय मशीन" म्हणून सोडून द्यायची ही गोष्ट नाही हे नक्की. साठीनंतर साखर आणि बीपी तपासतो तशी कानाची टेस्टही करून घ्या, जेमतेम अर्ध्या तासाचं काम आहे, आणि जाताना घरातलं एक माणूस बरोबर न्या, ज्याचं बोलणं सगळ्यात कमी कळतं तेच.