तारकर्लीहून एक दिवस आत: मसुऱ्याचा भरतगड की सावंतवाडीचा राजवाडा?

तारकर्लीचं तीन दिवसांचं बुकिंग असलं की पहिला दिवस पाण्यात जातो, दुसरा सिंधुदुर्ग किल्ल्यात आणि मालवणच्या बाजारात. तिसऱ्या दिवसाचं काय, असं कुणी विचारलं की मी सांगतो, समुद्राकडे पाठ करा आणि आत जा. आत जायला मुख्य वाटा दोन. उत्तरेला मसुरे, तिथला भरतगड आणि खाडीपलीकडचा भगवंतगड. दक्षिणेला वालावल आणि पिंगुळी करत सावंतवाडी. दोन्ही एका दिवसात कोंबू नका. मी तसं केलं होतं आणि सावंतवाडीला पोचलो तेव्हा राजवाड्याचा दरवाजा लागलेला होता.

आधी मसुरे, कारण तिकडे फार कमी लोक वळतात. मालवणपासून पंधरा-वीस किलोमीटर, म्हणजे सकाळचा चहा घेऊन निघालात तर जेवायला परत. कालावल खाडीच्या दक्षिण काठावर टेकडीवर भरतगड आहे आणि बरोबर समोर, उत्तर काठावर, भगवंतगड. हे दोन गड असे समोरासमोर का, यातच या भागाचा इतिहास आहे. शिवाजी महाराजांनी १६७० मध्ये ही टेकडी पाहिली होती, पण पाणी नाही म्हणून गड बांधायचा विचार सोडला. पुढे वाडीचे, म्हणजे सावंतवाडीचे, सावंत आणि गगनबावड्याचे जहागीरदार पंत अमात्य यांच्यात खाडीच्या हद्दीवरून तेढ वाढली. तेव्हा फोंड सावंतांनी १६८० मध्ये इथे काम काढलं. खडक फोडून २२८ फूट खोल विहीर खणली, तेव्हा कुठे पाणी लागलं. गड पुरा व्हायला १७०१ साल उजाडलं. अमात्यांनी उत्तर म्हणून पलीकडे भगवंतगड उभा केला. १८१८ मध्ये दोन्ही इंग्रजांकडे गेले.

ती विहीर बालेकिल्ल्यात आहे. काठाशी वाकलं की भर उन्हातही तोंडावर गारवा येतो. वरचे काही हात जांभ्यात तासलेले दिसतात, कडेला नेचे उगवलेले, आणि त्याखाली काळोख. केवळ पाण्यासाठी माणसांनी एवढं खोदलं, हे तिथे उभं राहिल्यावरच पटतं. शेजारी महापुरुषाचं छोटं देऊळ आहे. तटबुरूज अजून चांगले उभे आहेत, चारी बाजूंनी खंदकाची खूण दिसते आणि तटावरून खाडीचं वळण, माडांच्या रांगा आणि समोरचा गड एका नजरेत येतो.

एक गोष्ट मात्र पाळायची. गडावर हापूसची बाग आहे आणि ती खासगी मालकीची आहे. खाली विचारून वर जा, आंब्याला हात लावू नका, प्लास्टिकची बाटली परत आणा. एप्रिल-मेमध्ये बागेत आंबा उतरवायची घाई असते, तेव्हा तर जास्तच भान ठेवायचं. भगवंतगडावर पडके तट, देऊळ आणि शांतता एवढंच आहे. हातात तासभर जास्त असेल तरच खाडीपलीकडे जा.

मसुरे गावाचं आणखी एक नातं तुम्हाला माहीत असणार: भराडी देवीची आंगणेवाडी याच गावची वाडी. जत्रेची तारीख पंचांगावर नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. जत्रेच्या आसपास तुमची सहल येत असेल तर गडाचा बेत त्या दोन दिवसांत करू नका, रस्ते गाड्यांनी भरलेले असतात.

आता सावंतवाडी. तारकर्लीहून पन्नासेक किलोमीटर, आणि वाटेतच निम्मी मजा. धामापूरचा तलाव लागतो, १५३० सालचा. थोडं आडवाटेने वालावलचं लक्ष्मीनारायणाचं देऊळ, मागे तळं. पुढे कुडाळजवळ पिंगुळी. तिथे ठाकर समाजाच्या मंडळींनी चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा धरून ठेवली आहे. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. संग्रहालय त्यांच्या घरच्या गोठ्यात उभं राहिलं. मुलं बरोबर असतील तर इथून निघायला तयार होत नाहीत.

सावंतवाडीत मोती तलावाकाठी जांभ्या चिऱ्याचा लाल राजवाडा आहे. पण मी तिथे वास्तूसाठी जात नाही, गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघायला जातो. दरबार हॉलमध्ये कारागीर बसून गोल पत्ते रंगवतात. दशावतारी गंजिफ्यात १२० पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि दहा साधे पत्ते. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. ही कला मरायला टेकली होती. इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी स्वतः लक्ष घालून ती जगवली. रुपया एवढ्या पत्त्यावर परशुरामाचा परशू काढताना कारागिराचा हात जराही हलत नाही. नंतर चितारआळीत लाकडी फळं घ्यायला फिरा. लाकडाचा फणस मुंबईला न्यायला जड, पण न्यावाच.

मग कोणतं निवडायचं? बरोबर सत्तरीचे आई-बाबा, गुडघे दुखणारं कुणी किंवा लहान मुलं असतील तर सावंतवाडी, प्रश्नच नाही. पावसाळ्यातही तेच. जुलैत जांभ्यावर शेवाळ धरलेलं असतं आणि गडाच्या वाटेवर पाय घसरतो. सावंतवाडीला मात्र पूर्ण दिवस आणि स्वतःची गाडी हवी. एसटीने तिथे जाता येतं, पण मधली वालावल आणि पिंगुळी हातची जातात.

अर्धाच दिवस मोकळा असेल, पायांत बळ असेल आणि सिंधुदुर्गावरच्या गर्दीत तट नीट पाहताच आला नसेल, तर मात्र मसुरे. माझा स्वतःचा कल तिकडेच. भरतगडावर मी तीनदा गेलो, तिन्ही वेळा तटावर दुसरं कुणी नव्हतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सकाळी आठला वर पोचा; तेव्हा खाडीवर धुकं असतं आणि समोरचा भगवंतगड हळूहळू बाहेर येतो.