हिशेब आणि भट्टी : आधी कोणती वाट?
गोव्यातील फर्मागुडीच्या महाविद्यालयातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील धातुकारखान्यात शिरणारा आणि वाणिज्य शाखेतून अशाच कारखान्याच्या वित्त विभागात येणारा, हे दोघेही पुढे व्यवस्थापक होऊ शकतात. मात्र त्यांच्या शिकण्याचा क्रम उलटा असतो. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत एक टन पोलाद वितळवायला साधारण 550 ते 650 युनिट वीज लागते, हे वित्तवाल्याला बिलावर दिसते. परंतु भंगारात गंज आणि माती वाढली की विजेचा वापर वाढतो व उतारा, म्हणजे भंगारातून हाती येणारा धातू, घटतो, हे भट्टीजवळ उभे राहिल्यावाचून उमजत नाही. उलट, आवारात कच्चा माल भरपूर असला की अभियंता निर्धास्त असतो. त्यात अडकलेल्या खेळत्या भांडवलावर रोज व्याज चढते, हे त्याला दाखवून द्यावे लागते. (2012 मध्ये गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले, तेव्हा पुरवठा गृहीत धरता येत नाही, हे मात्र दोघांनाही कळले.) माझा कल अभियांत्रिकीपासून सुरुवात करण्याकडे आहे, कारण ताळेबंद वाचायला चाळिशीतही शिकता येते, पण पावसाळ्यात ओले भंगार वितळलेल्या धातूत पडले तर स्फोट होतो, ही धास्ती तरुणपणीच अंगात मुरते.