१३ टनांचा दोर

डिसेंबरात दोन बोलेरो घेऊन कच्छच्या रणात जायचं ठरलं होतं. तिथं वरून पांढरं, कडक दिसतं आणि खाली चिखल असतो, म्हणून रुतलेली गाडी काढायचं सामान आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मोबाईलवर जाहिरात दिसली: कायनेटिक दोर (ताणून रुतलेली गाडी ओढायचा), दोन शॅकल (दोर गाडीला अडकवायच्या लोखंडी कड्या), हातमोजे, पिशवी, सगळं ६,८०० रुपयांत. दोरावर लेबल '१३ टन'. भरलेली बोलेरो दोन-सव्वादोन टनांची आणि दोर त्याच्या दुप्पट-तिप्पट ताकदीचा लागतो, एवढं ठाऊक होतं. १३ म्हणजे काय, बघायलाच नको! पैसे आधीच पाठवून मोकळा झालो.

नशीब, चाचणी घरीच घेतली. परतीचा पाऊस नुकताच झाला होता. मोहोळजवळ मामांच्या रानात एक गाडी मुद्दाम रुतवली. आमची काळी माती, चाक धरलं की सोडत नाही. दोर तुटलाच तर टोक उसळू नये म्हणून मी त्यावर जुनी सोलापुरी चादर भिजवून टाकली. पोरं हसली. खरा कायनेटिक दोर नायलॉनचा, आधी ताणतो आणि आखडताना गाडी उपसून काढतो. हा ताणलाच नाही. नुसता हिसका बसला. दुसऱ्या हिसक्याला फाडकन तुटला आणि चादरीसकट बॉनेटच्या हातभर अलीकडं पडला. मग कुणी हसलं नाही. गाडी शेवटी ट्रॅक्टरनं काढली.

तुकडा घेऊन सोलापूरच्या पूर्व भागात अण्णांकडं गेलो. त्यांचे यंत्रमाग आहेत, सगळा जन्म सुतात गेला. बोटांत चोळून म्हणाले, "कोण म्हटलं रे तुला, हे नायलॉन हाय म्हणून?" तुकडा बादलीत बुडवून, पिळून हवा काढली. सोडला की पुन्हा वर. नायलॉन पाण्यापेक्षा जड, तळाला जातं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. पाच मिनिटांत निकाल, आणि अण्णा माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर!

शॅकलची तीच गत. चांगल्या शॅकलवर सुरक्षित भार लोखंडातच उठवलेला असतो. १९ मिलिमीटरच्या शॅकलवर ४.७५ टन. आमच्यावर स्टिकर होता, आणि पिन अशी वाकली की अजून निघत नाही. १३ टन हा दोर तुटायचा आकडा की रोजच्या कामाचा, हेही लेबलवर नव्हतं. मी विचारलंही नाही.

विक्रेता म्हणाला, "तुम्ही टो बॉलला अडकवला असेल." टो बॉल, म्हणजे ट्रेलर जोडायचा गाडीमागचा गोळा, तुटला तर तोफगोळ्यासारखा येतो, हे आम्हाला माहीत आहे, दोर चॅसिसच्या हुकालाच होता. फोटो पाठवले, तर नंबर ब्लॉक. तेव्हा कुठं बिल नीट वाचलं. पत्ता पुण्याचा, जीएसटी क्रमांक ०७ नं सुरू होणारा. ०७ दिल्लीचा, महाराष्ट्राचा २७. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, पैसे आलेले नाहीत.

परवा तीच जाहिरात दुसऱ्या नावानं दिसली. फोटो तोच, दोर तोच. लेबल मात्र आता १५ टनांचं.