‘कुठल्या ओळीला भीती वाटली?’ : भयकथांच्या पाठसंचाबद्दल

पात्र, कथानक, स्थळकाळ, निवेदक यांच्या व्याख्या फळ्यावर लिहिल्या की आठवी-नववीचा वर्ग पेंगायला लागतो. भयकथांवर बेतलेला हा पाठसंच व्याख्यांपासून सुरूच होत नाही, म्हणून तो मला मनापासून आवडला. पहिली सूचना एवढीच: वाचताना जिथे भीती वाटली त्या ओळीखाली रेघ मारा. मग प्रश्न, लेखकाने इथे नेमकं काय केलं?

एडगर ॲलन पो यांच्या ‘द टेल-टेल हार्ट’चा (१८४३) पाठ सगळ्यात सरस. निवेदक आपण वेडे नाही हे पटवत राहतो आणि पुरावा काय देतो, तर ज्याला मारायचंय त्या म्हाताऱ्याच्या खोलीत मध्यरात्री किती सावकाश डोकं घातलं याचा! कार्यपत्रिकेत दोन रकाने आहेत, ‘तो काय म्हणतो’ आणि ‘आपल्याला काय दिसतं’. ते भरता भरता एक मुलगी म्हणाली, “बाई, हा जितकं समजावतोय तितका माझा विश्वास उडतोय.” अविश्वसनीय निवेदक म्हणजे काय, हे मला वेगळं शिकवावंच लागलं नाही.

डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्स यांच्या ‘द मंकीज पॉ’चं (१९०२) मात्र वाईट वाटलं. कथा सोपी करण्याच्या नादात सुरुवातीचा बुद्धिबळाचा डावच गाळलाय. मूळ कथेत वडील गरज नसताना आपला राजा धोक्यात घालतात आणि चूक उशिरा लक्षात येते. पुढे, तीन इच्छा पुरवणाऱ्या माकडाच्या पंजाकडे मागतानाही तेच होतं. पूर्वसूचन, म्हणजे पुढच्या घटनेची आधीच दिलेली चाहूल, शिकवायला याहून चांगला उतारा शोधून सापडायचा नाही, आणि नेमका तोच कापला! मी मूळ परिच्छेद जोडूनच शिकवते.

उत्तरसूची मुलांच्या हाती देऊ नका. याच कथेतली शेवटची दारावरची थाप दुसऱ्या इच्छेने परत बोलावलेल्या मेलेल्या मुलाचीच, असं तिथे ठाम छापलंय. कथेत दार उघडतं तेव्हा तिसरी इच्छा मागून झालेली असते आणि बाहेर रस्ता रिकामा असतो. थाप कोणाची, हे लेखक दाखवतच नाही. सगळी भीती त्या न दाखवण्यात आहे. वर्गात यावर जो वाद रंगतो, तो एका वाक्यात मारून टाकायचा कशाला?

प्रतीकांचा भाग ठीकठाक. लेखनाचा सराव मात्र झकास: कथा लिहा, पण भूत दाखवायचं नाही.

घेणार असाल तर एक सांगते. दुसऱ्या कथेत तरुण मुलाचा मृत्यू आहे आणि संचात पर्यायी कथा नाही. ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय असं मूल वर्गात असेल, तर आधी त्याच्या पालकांशी बोला.