मांजराचा मधुमेह घरी सांभाळताना : ग्लार्जिन, ग्लुकोमीटर आणि सिरिंज, आठ महिन्यांनंतर

माणसांचं ग्लार्जिन इन्सुलिन, माणसांचाच ग्लुकोमीटर आणि ०.३ मिलीच्या सिरिंजा. विदर्भातल्या खेड्यात एवढ्या सामानावर काम भागतं, पण कुठे घात होतो ते आधी माहीत हवं.

पहिला घात सिरिंजचा. तालुक्याच्या मेडिकलमध्ये लाल टोपणाची यू-४० सिरिंज हमखास मिळते. ग्लार्जिन यू-१०० आहे, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये एकाच्या रेघेपर्यंत भरलं, तर अंगात अडीच युनिट जातं. चार किलोच्या मांजराला डॉक्टर साधारण एक युनिट सकाळ-संध्याकाळ असंच सुरू करतात, तेव्हा ही चूक जिवावर बेतते. केशरी टोपणाच्या, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेल्या सिरिंजा नागपूर-अमरावतीहून एकदम जास्त आणून ठेवाव्यात. इन्सुलिन पेन नको, बहुतेक पेनांत अर्धं युनिट देताच येत नाही. १० मिलीच्या बाटलीऐवजी ३ मिलीचं कार्ट्रिज (पेनमध्ये बसणारी छोटी कुपी) घ्यावं आणि औषध सिरिंजनेच ओढावं, वाया कमी जातं. औषध जोरात हलवायचं नाही, पाणी घालून पातळ करायचं नाही, गढूळ दिसलं तर वापरायचं नाही.

दुसरा घात उन्हाचा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं, आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवलं तर संपलंच. मे महिन्यात पारा ४५ वर आणि लाइन गेलेली, अशा वेळी कार्ट्रिज घट्ट झाकणाच्या डबीत घालून ओल्या रेतीतल्या मातीच्या मडक्यात ठेवावं. कोरड्या हवेत मडकं चांगलं गार राहतं. श्रावणात दमट हवेत हा उपाय फिका पडतो, म्हणून मडक्यात साधा थर्मामीटर असू द्यावा. हा काही तासांचा आधार आहे, फ्रिजची जागा तो घेत नाही. टिनाच्या घरात मीटरच्या पट्ट्याही बिघडतात. डबीचं झाकण उघडं राहू देऊ नये.

रक्त कानाच्या कडेवरून घ्यायचं. मागे कापूस धरावा, कडेला व्हॅसलीनचा पातळ हात लावावा, म्हणजे थेंब पसरत नाही. थंडीत कान गार असला की रक्त येत नाही, आधी कोमट फडकं धरावं. माणसांचा मीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, हे आकडा वाचताना लक्षात असू द्यावं. दवाखान्यात घाबरलेल्या मांजराची साखर ३०० च्या वरही जाते. घरचे आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलेले बरे. सुईआधी साखर २०० च्या खाली असेल तर नेहमीचा डोस डोळे झाकून देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. साखर फार उतरून मांजर झोकांड्या खाऊ लागलं तर साखरेचा घट्ट पाक हिरड्यांना चोळायचा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतायचं नाही.

खाणंही मोठं काम करतं. दूध-पोळी, दूध-भात आणि कॅटफूडचे कोरडे दाणे बंद. कॅटफूडच्या पाकिटावरचे प्रोटीन, फॅट, फायबर, ओलावा आणि राख यांचे टक्के १०० मधून वजा केले की उरतं ते साखर वाढवणारं कर्बोदक. राखेचा आकडा नसेल तर ओल्या खाण्याच्या पाकिटाला दोन धरावे. रश्शात स्टार्च असलेली पाकिटं टाळावीत. नुसतं कोंबडीचं मांस पुरत नाही, त्यात कॅल्शियम कमी असतं; आणि शिजवताना टॉरिन (मांजराला लागणारं पोषकद्रव्य) पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणीही द्यावं. खाणं बदललं की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते. डोस न तपासता खाणं बदलणं म्हणजे साखर पडण्याला आमंत्रण.

चार आठवडे इन्सुलिनशिवाय साखर सामान्य राहिली की रेमिशन म्हणतात. मधुमेह मिटला असा त्याचा अर्थ नाही. आठवड्यातून एकदा कानाच्या रक्तातून साखरेची तपासणी, महिन्यातून एकदा काट्यावर वजन, आणि खाजेसाठी कोणी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायला निघालं तर आधी मधुमेह होता हे ठासून सांगायचं. लघवीच्या जागी मुंग्या जमायला लागल्या, पाण्याचं भांडं लवकर रिकामं होऊ लागलं, तर त्याच दिवशी मीटर काढावा. खाणं सोडलं आणि उलट्या सुरू झाल्या तर घरी थांबू नये, गाडी करून दवाखाना गाठावा.